मांडीवरची जागा

माझी धुण्याची टोपली त्याला धडकली आणि तीन आया चिखलात पडल्या. खऱ्या नव्हेत हो, कागदावरच्या! सँ-झाक रस्त्यावर पाऊस भुरभुरत होता आणि हा बाझिल, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा, ताजे छाप छातीशी धरून चालला होता.

"डोळे काय घरी ठेवून आलात?" चूक माझी, तरी ओरडले मीच.

"आणलेत की. पण आता तुमच्यावरून हलेनात…"

मेला आगाऊ! मी एक छाप उचलला. चुलीपाशी हसत बाळाला पाजणारी आई.

"पॅरिसमध्ये अंगावर पाजतं कोण? सगळ्यांची पोरं खेड्यात, दाईकडे."

"म्हणून तर खपतात," तो म्हणाला.

माझी लेक कोलेतही तिकडेच होती. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीच दिली. नवरा तापानं गेलेला, दिवसभर इस्त्रीच्या निखाऱ्यांपाशी उभी राहणारी बाई तान्हं पोर ठेवणार कुठे?

बाझिलला नव्या चित्रासाठी आई हवी होती. दर रविवारी मी त्याच्यापुढे बसू लागले, मांडीवर गुंडाळलेली उशी घेऊन.

"उशीकडे बघा ना, माझ्याकडे काय?"

"उशीच्या गालाला खळी पडत नाही, सोलांज."

ईस्टरच्या सुमारास त्यानं कोरणी खाली ठेवली. "बाळाची जागा कोरीच सोडलीय. कोलेतला आणू या… दोघी माझ्याच घरी राहा. चालेल?"

चालेल काय विचारतोस वेड्या! लेक दिल्यापासून दहा महिने मी देवाकडे दुसरं काय मागत होते?

खटारा भाड्यानं घेऊन आम्ही गावी गेलो. तो घोड्यापाशी थांबला. दाईनं माझ्या हाती मुलगी दिली, पण वर बघेना. मी टोपडं मागे सारलं. कोलेतच्या कानामागे मसुराएवढा तांबडा डाग होता. हिच्या कानामागे काहीच नव्हतं.

मी दुसरा कानही वळवून पाहिला.

"थंडीत ताप आला, बाई," दाई पुटपुटली. "तुमची गेली. हिला न्यायला कुणीच येत नाही… म्हटलं, तुम्हाला फरक कळणार नाही."

पोरीनं माझी कॉलर घट्ट धरली होती. मी तिला घेऊन बाहेर आले.

"नाक अगदी तुझं!" बाझिल खुशीत म्हणाला.

गप्प बसता आलं असतं. अर्धी वाट बसलेही. मग मात्र राहवेना.

"ही कोलेत नाही. माझी लेक थंडीतच गेली… तू शब्द दिलास तो तिच्यासाठी. हिला मी सोडणार नाही. नको असेल तर उतरव आम्हाला, राग नाही मला."

त्यानं घोडा थांबवला. मग अंगातला कोट काढून आम्हा दोघींभोवती गुंडाळला.

"म्हणजे ही जेवढी तुझी, तेवढीच माझी," तो म्हणाला. "नाव काय ठेवायचं?"

"काहीही ठेव. कोलेत नको," मी म्हणाले, आणि तेव्हा कुठे मला माझ्या लेकीसाठी रडू फुटलं.