चतुरामायची तेवीस गाणी

पोरींनो, मोबाइल जरा बाजूला ठेवा. हळदीची ही कढई उतरायला अजून तासभर आहे, तोवर एक घडलेलं सांगतो. ज्याच्यावर बेतलं तो रत्नपाल आपल्याच कुरुंद्याचा. धडधाकट आहे, परवा बाजारात भेटलाही. सपना, आकांक्षा, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्याला जाऊन काही विचारायचं नाही.

साल २००६. दहा एप्रिल, सोमवार. मी तेव्हा वसमतला वीज खात्यात होतो आणि रत्नपालचं स्टँडच्या मागं टायपिंगचं दुकान होतं. त्याच्याकडं काम होतं अगदी साधं. चौदा एप्रिलच्या जयंतीला गाण्यांची पुस्तिका निघायची होती, पाचशे प्रती. तिचा मजकूर सीडीवर घालून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीनं नांदेडच्या छापखान्यात पोचवायचा, एवढंच.

गाणी चतुरामायची. सटवाजीची ही लेक, आयुष्यभर लोकांच्या रानात हळद काढली, हाताची बोटं मरेपर्यंत पिवळीच राहिली. अक्षराची ओळख नाही, पण गाणं असं रचायची की ऐकणाऱ्यानं विळा खाली ठेवावा. आपल्याकडं गाणाऱ्याची रीत तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव घालतो, तीच त्याची सही. मायनं तेवीस गाण्यांत तेवीसदा नाव घातलं होतं. शेवटच्या गाण्यात तर म्हणाली होती,

चतुरा म्हणे, बाई, आता अंगठा पुसा,
पानावर उमटू द्या नावाचा ठसा.

रत्नपालनं आधीच्या हिवाळ्यात तिच्या अंगणात बसून सगळी गाणी टेपवर भरून घेतली. दर गाणं संपलं की माय विचारायची, "लिवलं का, बापू?" लिहीत कुठं होता तो? नुसती टेप चालू होती. पण म्हातारीचं समाधान म्हणून म्हणायचा, "व्हय माय, लिवलं." हे सवाल-जवाबही टेपवर आले, आणि त्यानं ते काढले नाहीत. त्याची एक सीडी त्यानं डिसेंबरात मला दिली होती. तुमची काकी मंजुळाबाई ती रोज लावायची. गाणं संपलं की मायच्या आधी हीच विचारायची, "लिवलं का, बापू?" आणि रत्नपालचं "व्हय माय" आलं की हसायची. हे ध्यानात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, ऐकायचं आणि लिहायचं, त्यात काय एवढं? तुमचं बोट लावलं की वाजतं. तेव्हा वाजवायचा प्रोग्राम वेगळा, लिहायचा वेगळा. एक ओळ ऐकायची, माऊस धरून इकडं यायचं, तोवर अर्धी ओळ विसरायची. रत्नपाल वैतागला. पण गडी हट्टी. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यानं लिनक्स टाकलं. त्यात ईमॅक्स नावाचा लिहायचा प्रोग्राम होता, आणि त्याच्या पोटातच गाणी वाजवायची सोय बसवता येते असं त्याला कळलं. नेट कॅफेतून फाइली आणल्या, सेटिंगमध्ये चार ओळी घातल्या, गाण्यांचा फोल्डर दाखवला. वाजेना. दोन दिवस घोडं तिथंच पेंड खात होतं. तिसऱ्या दिवशी सापडलं, एक कंस मिटवायचा राहिला होता. कंस मिटला आणि चतुरामाय गाऊ लागली.

वर गाण्यांची यादी, खाली कोरं पान. एक कळ दाबली की गाणं थांबायचं, दुसरी दाबली की पाच सेकंद मागं जायचं, हात काही कळांवरून उचलायला नको. अगदी तळाच्या ओळीत कोणतं गाणं चाललंय आणि किती सेकंद झाले ते दिसायचं. माय मुद्दाम बघायला आली होती. स्वतःचा आवाज ऐकून पदर तोंडाला लावून हसली. मग त्याला तिचं नाव लिहून दाखवायला लावलं आणि त्या अक्षरांवर बराच वेळ बोट ठेवून बसली. जाताना म्हणाली, "गाणे ऱ्हाऊ दे न्हाई तं ऱ्हाऊ नको दे, बापू. नाव तेवढं ऱ्हाऊ दे."

जानेवारीत माय गेली.

पुस्तिकेची बैठक झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, कवी कोण? दुसरा म्हणाला, कोण म्हणजे, आपला रत्नपालच की, चार महिने रात्रंदिवस लिहून राहिलाय. सगळे कौतुकानं बघू लागले. जयंतीला स्टेजवर शाल द्यायचं तिथंच ठरलं. रत्नपालनं फक्त एक केलं. गप्प बसला. खोटं बोलायला तोंड लागतंच असं नाही.

तर ती दहा एप्रिलची रात्र. दुकानाचं शटर आतून ओढलेलं. रत्नपालच्या मनानं घेतलं की एक गाणं, फक्त शेवटचं, आपल्या नावावर करावं. बाकीची बावीस मायचीच. त्यानं 'चतुरा म्हणे'च्या जागी 'रतन म्हणे' घालायचा हुकूम दिला. अक्षरंही तीनास तीन बसत होती. तो प्रोग्राम असा की दर ठिकाणी थांबून विचारतो, इथं बदलू का? हो म्हणायची एक कळ, नको म्हणायची एक. आणि आणखी एक कळ असते, की विचारू नको, सगळीकडं बदल. तो शोध सुरू झाला फाइलीच्या डोक्यापासून, म्हणजे पहिल्याच गाण्यापासून. बावीसदा नको म्हणायचं होतं. त्यानं एकदाही नको म्हटलं नाही. बोट त्या तिसऱ्या कळेवर गेलं.

खाली अक्षरं आली. तेवीस ठिकाणी बदल झाला.

मागं घ्यायला एक कळ पुरे होती. मला सांगताना तो म्हणाला, "काका, चूक झाली आसं म्या आजपोस्तर समद्याला सांगितलं आस्तं. पर म्या फाइल सेव्ह केली. तितं कोन्ता हात चुकला?"

चोराच्या मनात चांदणं. चाल बिघडली नाही ना, ते बघायला त्यानं तेविसावं गाणं लावलं. शेजारी ओळ वाचत होता. डोळ्यांपुढं 'रतन म्हणे', कानात 'चतुरा म्हणे'. गाणं संपलं. टेपवरच्या अंगणात बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली. मायनं विचारलं, "लिवलं का, बापू?"

आणि उत्तर आलं नाही.

घंटा वाजली. मायचा श्वास ऐकू आला. कुठंतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. सगळं जागच्या जागी. फक्त रत्नपालचा आवाज तिथं नव्हता.

त्याला वाटलं, फाइल बिघडली. पाच सेकंद मागं घेतलं. "लिवलं का, बापू?" ... घंटा. श्वास. बादली.

बाविसावं लावलं. तेच. अकरावं. तेच. पहिलं लावलं... तेच. तेवीसच्या तेवीस. माय विचारते. कुणी बोलत नाही.

त्यानं गाणं थांबवलं. घड्याळात दीड वाजून गेला होता.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी लाइन गेली. लोडशेडिंग. ती मी माझ्या हातानं बंद केली होती, म्हणून वेळ सांगतो. रत्नपालकडं बॅटरी-बिटरी काही नव्हती. पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला. स्पीकरचा लाल दिवा विझला.

अंधार.

तो चाचपडत शटरकडं निघाला. दोन पावलं टाकली असतील.

"लिवलं का, बापू?"

मागून. स्पीकर होते तिथून.

तो उभाच राहिला. घंटा वाजली... श्वास... बादली.

मग पुन्हा. "लिवलं का?"

रागानं नाही गं पोरींनो. तेच तर. अंगणात विचारायची तसंच. मायेनं. विचारायचं... आणि थांबायचं. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढंच.

"लिवलं का..."

थांबणं.

"लिवलं का..."

थांबणं.

किती वेळ, त्याला सांगता येत नाही. 'व्हय माय' एवढे दोन शब्द. अंगणात तेवीसदा म्हटलेले, चार महिन्यांत टेपवर हज्जारदा ऐकलेले. ते तोंडातून निघेनात. शेवटी तो तिथंच जमिनीवर बसला आणि लहान लेकरासारखा रडला. आणि म्हणाला,

"न्हाई, माय. न्हाई लिवलं. पुसलं म्या."

...

मग काही आलं नाही.

साडेतीनला लाइन परत सोडली. रत्नपालनं मशीन चालू केलं. मागं घ्यायची कळ आता उपयोगाची नव्हती, मशीन बंद झालं की ती सगळं विसरते. त्यानं उलटा हुकूम दिला, 'रतन'च्या जागी 'चतुरा'. या वेळी सगळीकडं बदल म्हणणारी कळ दाबली नाही. दर ठिकाणी प्रोग्राम विचारायचा, बदलू का? आणि हा तोंडानं हो म्हणून मग कळ दाबायचा. तेवीस वेळा. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात घातलं, चतुराबाई सटवाजी. सहाची गाडी पकडली. त्या संध्याकाळी बैठकीत उभा राहून सांगितलं, यातलं एकही गाणं माझं नाही, शाल मायच्या लेकीला द्या. जयंतीला लेक जनकाबाई शाल घेऊन स्टेजवरच डोळे पुसत बसली. म्हणजे गोष्ट नीट झाली असं कुणीही म्हणेल.

मीही तेच म्हणालो. आठ दिवसांनी तो घरी आला, सगळं सांगितलं, आणि मी त्याला हसलो. म्हटलं, अरे, टेपवरून घेताना काहीतरी घोळ झाला असेल. माझ्याकडं तुझी सीडी आहे, डिसेंबरातली, कपाटात आहे. ती तर कधी तुझ्या दुकानात परत गेली नाही. लाव, ऐक तुझा आवाज.

मंजुळाबाईनं सीडी लावली. तेविसावं गाणं. आम्ही तिघं ऐकत बसलो. शेवटचं कडवं झालं. सवयीनं ती मायच्या आधी म्हणाली, "लिवलं का, बापू?" मग मायनं विचारलं. मग घंटा वाजली, माय श्वास घेत थांबली, बादली ठेवल्याचा आवाज आला.

मंजुळाबाईनं रत्नपालकडं पाहिलं. तो खाली बघत होता. ओठ हलताना मला दिसले, "व्हय माय, लिवलं." आता खरं होतं ते. पण सीडी फिरून पहिल्या गाण्यावर गेली होती.

तो डबा आण इकडं, आकांक्षा. त्याच्यात आहे ती सीडी. कुरुंद्यात कुणाकडं अजून सीडी वाजत असेल तर बघा लावून. बाकी सगळं ऐकू येतं.