मामाजींची नळी

तुम्ही खोटं म्हणा, माझं काही जात नाही. मी हे लिहितेय तेव्हा माझा नवरा जीवन समोर दवाखान्याच्या खाटेवर धापा टाकतोय...

गाव कोंढा, तालुका पवनी. मागच्या एप्रिलमधली भर दुपार.

माझे सासरे चिंधू मेश्राम, मी त्यांना मामाजी म्हणायची, वारून महिना झाला होता. शेवटचं वर्ष ते नाकातल्या नळीवरच जगले. ऑक्सिजनची मशीन भाड्याची होती, ती परत गेली. नळी राहिली.

आमच्या घरी नळी कोणी फेकत नाही. सलाईनच्या नळीनं दोडक्याचा मांडव बांधलाय. फवारणी पंपाची जुनी नळी मिस्त्री भिंतीची लेव्हल बघायला मागून नेतो. तरी आमच्या यांनी मामाजींची नळी उचलली तेव्हा मी ओरडले.

"अजी, मामाजीची हाय थे. राहू द्या ना!"

"धुतली ना तू? मंग? डिझेल काढाले मस्त हाय."

शेतावरचं पाण्याचं इंजिन डिझेल संपून बंद पडलं होतं. यांनी नळीचं नाकाकडचं टोक ब्लेडनं कापलं, एक बाजू डिझेलच्या ड्रममध्ये सोडली, दुसरी तोंडात धरून ओढली.

डिझेल अर्ध्यापर्यंत चढलं... आणि थांबलं.

मग खाली गेलं.

यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा यांचे गाल आत गेले... आणि आतच राहिले.

पलीकडून कोणीतरी ओढत होतं.

मी ड्रममधलं टोक उपसलं. ते हवेत होतं, तरी त्यातून आवाज येत होता... एक ओढ. खोकला. पुन्हा ओढ.

तो आवाज मी वर्षभर ऐकला होता.

नळी मी हिसकून चुलीत जाळली. पण यांना जो दम लागला तो उतरलाच नाही. भंडाऱ्याला फोटो काढला. छाती साफ. नागपूरला नेलं. छाती साफ. श्वास मात्र रोज थोडा कमी...

एक दिवस यांनी मला जवळ बसवलं.

"रत्ना, बाबा गेले तवा लाईन गेली होती. मशीन बंद."

"मले मालूम हाय."

"सिलिंडर आणाले निघालो होतो. रस्त्यात समजलं, नहराच्या पाण्याची आपली पाळी आली. म्हटलं, बांधीत पाणी सोडतो अन् जातो. अर्धा घंटा... आलो तं बाबा संपले होते."

कालव्याची पाळी चुकली की धानाला आठ दिवस पाणी नाही. मीही तेच केलं असतं.

आता हे दवाखान्यात आहेत. नाकात नवी कोरी नळी, पाकीट माझ्यासमोर फोडलेलं. काल सिस्टरनं हवा येते का बघायला तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. बुडबुडे यायला हवे होते.

नाही आले...

ग्लासातलं पाणी नळीत चढायला लागलं.

सिस्टरनं नळी बदलली. दुसरी. तिसरी. मग माझ्याकडे न बघताच ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

मी नळीचं टोक तोंडाशी धरलं.

"मामाजी, सोडा जी यायले. पोरगा हाय तुमचा."

आतलं ओढणं थांबलं... खोकला आला.

मग पहिल्यापेक्षा जोरात सुरू झालं.

मला मामाजींचा राग येत नाही. त्यांना कोणाला मारायचं नाही, त्यांना फक्त हवा पाहिजे.

नळी ठेवली तर ते ओढतात. काढली तर यांना हवा नाही.

सकाळपासून माझा डावा हात त्या नळीवरच आहे...