एवढं पान होऊ दे

स्वर्ग बघून आलेल्या माणसांशी चाळणीकाकांचं कधी जमलं नाही. त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. मरता मरता वाचायचं, वर काय पाहिलं त्याचं पुस्तक लिहायचं, आणि मग एक म्हातारा वही घेऊन दारात उभा, "खरंच गेला होतात का?" म्हणून विचारायला. कुणाचंही डोकं फिरेल.

पण काकांना धाडणाऱ्या प्रकाशकाचाही नाइलाज होता. दुसऱ्या एका प्रकाशन संस्थेनं असलंच पुस्तक गाजावाजा करून काढलं होतं आणि वर्षभरात लेखकानं स्वतःच सांगून टाकलं, की मी कुठंही गेलो नव्हतो, सगळं रचलेलं आहे. तोंड पोळलं त्यांचं, ताक फुंकून प्यायला लागला हा. चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस त्याच्याकडे आयताच होता. काहीही सांगा, हा त्यातले खडे वेगळे काढणार, म्हणून कचेरीत नाव पडलं चाळणी. पुढे केस गेले तसे त्याला काका चिकटले.

काकांची युक्ती साधी होती. पुस्तकात काय लिहिलंय ते विचारतच नसत. सगळ्यांचा स्वर्ग तोच: उजेड, बाग, गेलेली माणसं हसतमुख. ते एकच विचारत, "पुस्तकात काय घेतलं नाही?" खोटं बोलणारा इथं हमखास अडखळतो. कंटाळवाणं खोटं रचायला कोण बसतो हो? आजवर नऊ हस्तलिखितं आली होती आणि नऊंच्या अहवालाखाली काकांनी "खोटं" लिहून सही ठोकली होती.

एक तरी खरं निघावं असं त्यांना फार वाटे. पण चाळणीनं असं कुणाला सांगायचं नसतं.

कारण ते स्वतः जाऊन आले होते. नऊ वर्षांपूर्वी, शस्त्रक्रियेच्या टेबलावर, त्यांचं हृदय तीन मिनिटं थांबलं होतं. बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. भूल चढताना त्यांनी मनाशी म्हटलंही होतं, चला, गेलो तर भेट तरी होईल. दिसलं काय? पांढरं. नुसतं पांढरं, आणि त्यावर मुंग्यांच्या रांगांसारखं काहीतरी काळं. रक्त पोचलं नाही की डोळ्यांना असं दिसतं, डॉक्टर म्हणाले. "वाचलात हे काय थोडं आहे, बाबा?" लांबच्या शहरातून मुलगी फोनवर म्हणाली. "थोडं कसं?" ते म्हणाले. मग घरी आले, एका माणसाचा चहा टाकला, आणि तेव्हापासून तेवढाच टाकत आले.

दहावं हस्तलिखित एका निवृत्त बसचालकाचं होतं. त्याचं हृदय सहा वर्षांपूर्वी थांबलं होतं. दुपारी खिडकीशी बसून तो मजेत बोलत होता. काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"नाही घेतलं असं? हां, तो टेबलवाला." चालक हसला. "बागेच्या अलीकडे एक माणूस टेबलाशी बसलेला. मान खाली, वाचतोय. शेजारी बायको उभी. बायकोच असणार, परकी बाई इतका वेळ ताटकळत नाही. ती हातातलं काहीतरी पुढं करते, हाक मारते, आणि हा पठ्ठ्या नुसतं डावं बोट वर करतो. थांब म्हणून. मी म्हटलं, झालं, इथंही कचेरी! असलं छापून कोण वाचणार?"

"मेलेला होता तो?" काकांनी विचारलं. आवाज आपला वाटला नाही त्यांना.

चालकानं जरा विचार केला. "तसा वाटला नाही. उठायचं विसरलेला वाटला."

बोट वर करणारे नवरे जगात पैशाला पासरी, काकांनी स्वतःला बजावलं. अहवालात "खोटं" लिहिलं. पण पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला.

आता इथं काकांची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती, मुलीलाही नाही. अकरा वर्षांपूर्वी, दुपारी चारच्या सुमाराला, ते घरी टेबलाशी मुद्रितं तपासत बसले होते. बायको डावीकडे येऊन उभी राहिली. हातात तिच्या गोळ्यांची तपकिरी बाटली होती. झाकण घट्ट बसलं होतं. पकड यावी म्हणून तिनं त्याला रबर गुंडाळलं होतं.

"अहो, हे जरा उघडून द्या ना."

काकांनी मान वर न करता डावं बोट वर केलं. "एवढं पान होऊ दे."

एका पानाची तीन पानं झाली. अर्ध्या तासानं आत गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि बंद बाटली तिच्या मुठीत होती. झोपेत गेली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बाटली कपाटात, शब्दकोशांच्या मागे ठेवली. तिथं त्यांच्याशिवाय कुणाचा हात जात नव्हता.

अकरावं हस्तलिखित लाँड्रीवालीचं. गेल्या हिवाळ्यात ती दुकानातच कोसळली होती. तिच्या दुकानात जेमतेम दोन माणसं मावत: एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला कपड्यांचे गठ्ठे, आणि वाफेचा ओलसर, गरम वास.

"बसा काका. माझा हात चालू राहील हं, संध्याकाळी शाळेचे गणवेश द्यायचेत."

"पुस्तकात काय घेतलं नाही?"

"अगंबाई, ते होय!" ती खळखळून हसली. "लिहून घेणारी मुलगी म्हणाली, मावशी, स्वर्गात कोण बाटली उघडून मागतं? लोक हसतील. म्हणून काढलं."

काकांनी वही गुडघ्यावरून उचलून टेबलाच्या कडेवर ठेवली.

"एक बाई होती," लाँड्रीवाली सांगू लागली. "तपकिरी बाटली घेऊन उभी. झाकणाला रबर गुंडाळलेलं. मला म्हणाली, तुमचे हात कष्टाचे दिसतात, बघा तुम्हाला उघडतंय का. यांना वेळ नाही. शेजारीच नवरा बसलेला, एवढं पान, एवढं पान करत. चिडलेली नव्हती हो ती. चिडली असती तर बरं वाटलं असतं मला."

"मग?"

"मग काय! बाटली घेतली, जोर लावला, आणि छातीत ही अशी कळ आली. डोळे उघडले तर दवाखाना. एवढंसं काम, तेही राहून गेलं." तिनं कॉलरवरून इस्त्री फिरवली. "बागेची नाही, मला त्या बाटलीचीच चुटपुट लागलीय."

"त्याचा चेहरा कसा होता?"

"मान वर करेल तर दिसेल ना! टक्कल तेवढं दिसलं."

काका खाली वाकून लिहू लागले. तपकिरी. रबर. अक्षरं ओळीवर बसेनात. एकेक अक्षर त्यांनी दाबून बसवलं. लाँड्रीवालीनं मध्येच काहीतरी विचारलं, बहुधा चहाचं. काका लिहीतच राहिले.

जळका वास आला.

काकांनी वर पाहिलं. पांढऱ्या शर्टावर इस्त्री तशीच टेकलेली होती आणि कडेनं धूर निघत होता. लाँड्रीवालीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती काकांच्या डाव्या हाताकडे बघत होती.

त्यांचं बोट वर होतं.

त्यांनी ते झटकन खाली घेतलं. तिनं इस्त्री उचलली. शर्टावर तपकिरी त्रिकोण उमटला होता.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही तिथून उठलात कधी?"

ते घरी कसे आले ते त्यांना आठवत नव्हतं. प्रकाशकाचा फोन येऊन गेला होता: छपाई अडली आहे, अहवाल आजच हवा. काकांनी खिडकी उघडली, टेबल पुसलं आणि लिहायला बसले.

या वेळी त्यांनी सगळं लिहिलं. चालकाचा टेबलवाला. लाँड्रीवालीची बाई. मग आपली दुपार, बंद बाटली, झोपेत गेली असं सांगितलेलं खोटं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाहिलेलं पांढरं आणि त्यावरच्या काळ्या मुंग्या. तो कागद होता, त्यांनी लिहिलं. तिथंही मी वाचतच बसलो होतो. ती शेजारी उभी असताना.

डोळे पाझरत होते, पण हात थांबत नव्हता. इतकं नीट त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. पान संपत आलं. एकच ओळ उरली होती.

"अहो, हे जरा उघडून द्या ना."

"एवढं पान होऊ दे," काका म्हणाले, आणि शेवटच्या ओळीत "खरं" असं लिहून त्यांनी टिंब दिलं.

मग त्यांना आपलं बोट दिसलं.

"अगं," ते म्हणाले. "अगं, थांब!"

खुर्ची मागे पडली. खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात नव्हतं. आतल्या खोलीत पलंगावरची चादर सकाळी घातली तशीच ताठ होती. ते हाका मारत दोनदा घरभर फिरले. घर काही मोठं नव्हतं.

परत आले तेव्हा घड्याळात चार वाजून गेले होते. कपाट बंद होतं.

टेबलावर, त्यांच्या डाव्या कोपरापाशी, तपकिरी बाटली ठेवलेली होती.

काकांनी ती उचलली. झाकण अजून तसंच घट्ट होतं. त्यावरचं रबर कोमट लागत होतं, आत्ताच कुणीतरी बराच वेळ जोर लावून पाहिल्यासारखं.