मागच्या भिंतीजवळची माशी

तीस वर्षं मी मेलेल्या किड्यांची वर्णनं लिहीत आले आहे. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला माझी खोली आहे. एक सूक्ष्मदर्शक, एक डुगडुगणारी खुर्ची, भिंतभर लाकडी खण आणि डांबरगोळ्यांचा वास. तो वास माझ्या केसांनाही येतो. "तुला काही कधी कसर लागायची नाही," हे दादाचं ठरलेलं वाक्य.

दादा माझा थोरला भाऊ. घरात आम्ही दोघंच. त्याने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. चार वर्षांपूर्वी त्याचे हात कापायला लागले आणि दुकान बंद झालं. कंप मग हातांतून मानेत गेला, मानेतून जिभेत. त्याला उठवायचं, भरवायचं, पुसायचं आणि मग कामावर जायचं. माझ्या नाकी नऊ आले होते. रोज सकाळी त्याच्या खोलीचं दार उघडायच्या आधी मला नकोसं वाटायचं, आणि तसं वाटल्याची दिवसभर लाज वाटायची.

नवी माशी आधी त्यालाच दिसली. आमच्या घराच्या मागच्या भिंतीजवळ उघडी जमीन आहे. तिथे पेन्सिल जाईल एवढी बिळं पडली होती आणि प्रत्येकाच्या तोंडाशी चाळल्यासारख्या मातीचा ढीग होता. या मधमाश्या पोळं करत नाहीत. प्रत्येक मादी आपलं बीळ आपण खोदते. दादाने एक पकडून आणायला लावली. घड्याळजीचं भिंग मी त्याच्या डोळ्याशी धरलं.

"ही तुझ्या खणात नाही," तो अडखळत म्हणाला.

"तुला काय कळतंय?"

"रानोमाळ हिंडलीस. काखेत कळसा नि गावाला वळसा."

तो बरोबर होता. ती कुठल्याच खणात नव्हती. मी तिच्यासारख्या आणखी पाच पकडल्या.

नव्या जातीचं वर्णन करायचं म्हणजे एक नमुना निवडायचा आणि त्याला लाल चिठ्ठी लावायची. पुढे त्या नावाची प्रत्येक माशी त्या एका नमुन्याशी ताडून बघतात. टाचणी पाठीतून घालायची, पण मधोमध नाही, जराशी उजवीकडे, म्हणजे डावी बाजू अखंड राहते. मग डोक्यापासून पायांपर्यंत एकेक गोष्ट वहीत उतरवायची. शेवटची ओळ ठरलेली असते: नमुना कोरडा, टाचलेला, सुस्थितीत. ती ओळ आता माझा हात आपोआप लिहितो. आणि एकदा वाळलेल्या नमुन्याची टाचणी कधीही उपसायची नाही. नवखी असताना मी एक उपसली होती. तळहातावर नुसता भुगा उरला. आमचे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पहिली चूक गुरुवारी झाली. मागच्या पायांवरचे केस तपकिरी होते आणि मी 'पांढरे' लिहून बसले. शुक्रवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते पांढरे होते. मी आदल्या दिवशीचा फोटो काढून बघितला. फोटोत तपकिरी. खणातल्या बाकीच्या पाच माश्याही तपकिरी. फक्त लाल चिठ्ठीची पांढरी. मी ओळ खोडून 'तपकिरी' केलं, डबा खाल्ला आणि परत येऊन डोळा लावला. तपकिरी.

झोप नाही, म्हणून भास होतायत, असं मी स्वतःला सांगितलं. पण ताडून बघायची सवय वाईट. शनिवारी मुद्दाम लिहिलं: डावा पुढचा पंख टोकाला फाटलेला. अर्ध्या तासाने तो फाटलेला होता. खोडलं, तर अखंड झाला.

हे मी कुणाला सांगणार होते? प्रमुखांनी सक्तीची रजा दिली असती.

सोमवारी डॉक्टर घरी येऊन गेले. मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "आता घास गिळणंही जड जाईल. मनाची तयारी ठेवा."

मी आत आले तर दादाच्या अंगावर पाण्याचा पेला सांडलेला. मी पुसायला वाकले. त्याने माझं मनगट धरायचा प्रयत्न केला.

"पुरे गं आता," तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला फार वेळ लागला. "तूही दमलीस."

मला त्याचा राग आला. त्याच्याशिवाय मला होतं कोण?

मंगळवारी सकाळी त्याला खुर्चीत बसवलं, एक लाल चिठ्ठी त्याच्या सदऱ्याच्या खिशात सरकवली आणि स्वयंपाकघरात वही उघडली. डोक्यापासून पायांपर्यंत लिहिलं. मान सरळ. हात स्थिर. वाणी स्पष्ट. उजव्या भुवईवर जुना व्रण. एकही गोष्ट सोडली नाही. डोळे मिटत होते, कामाला उशीर होत होता. पान संपलं तशी वही पिशवीत टाकून मी निघाले.

संध्याकाळी परतले तेव्हा त्याने भिंतीवरचं बंद घड्याळ शेजाऱ्याकडून उतरवून घेतलं होतं. मांडीवर ते उघडं होतं आणि हातातला चिमटा जरासुद्धा हलत नव्हता.

"आलीस? दिवा लाव," तो म्हणाला. एका दमात.

मी दारातच बसून रडले.

चार दिवस मी नीट झोपले. तो जेवत नव्हता. "भूक नाही," म्हणायचा. खुर्चीतून उठत नव्हता. "इथेच बरं आहे," म्हणायचा. त्याचा हात हातात घेतला तर वाळल्या पानासारखा हलका लागायचा. खोलीला डांबरगोळ्यांचा वास होता, पण तो माझ्याच केसांचा असणार.

शनिवारी माशीचं वर्णन पक्कं करायला वही उघडली. पानं उलटताना दादाचं पान लागलं. खाली, माझ्याच अक्षरात, शेवटची ओळ होती.

नमुना कोरडा, टाचलेला, सुस्थितीत.

मी दुपारीच घरी आले.

"दादा, जरा पुढे वाक."

"वाकता येत नाही गं."

मी खुर्चीमागे जाऊन त्याच्या पाठीकडे बघितलं. मणक्याच्या जराशी उजवीकडे सदऱ्याला बारीक भोक होतं. रक्त नव्हतं.

मी पेन काढलं. वहीतल्या त्या ओळीवर टेकवलं.

तळहातावरचा तो भुगा आठवला.

पेन ठेवून दिलं.

त्याला आता दोन महिने झाले. माशीला नाव मिळालं, प्रमुखांनी पाठ थोपटली. रोज संध्याकाळी मी घरी येते, दिवा लावते आणि कसर लागू नये म्हणून दादाच्या खिशातल्या डांबरगोळ्या बदलते. आणि रोज तो तेच म्हणतो, आता अगदी स्पष्ट आवाजात.

"पुरे गं आता."