बेटावर जाणाऱ्या लेकीसाठी सूचना

दुपारी दीडला माझी लेक गुंजन झोपायची आणि अडीचला उठायची. तेवढा एक तास माझा. दिग्रसच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, ओट्यावर लॅपटॉप ठेवून, उभ्यानंच मी पुण्याच्या एका प्रवास कंपनीसाठी मजकूर लिहायची. डिसेंबरात अंदमानातल्या एका लहानशा बेटाचं काम आलं. प्रवाशांनी काय न्यावं, काय टाळावं. टॉर्च जवळ ठेवा, संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच अंधारतं. प्रवाळावर पाय देऊ नका. फोन लागेल या भरवशावर राहू नका.

"स्वतः कधी समुद्र पाह्यला नाही, अन् लोकायले बेटावर धाडून राह्यली," मंदार, माझा नवरा, हसायचा.

गुंजन चार वर्षांची. झोपताना तिला गोष्ट लागते. माझ्याकडे वेळ नसायचा, म्हणून लिहिलेलंच वाचून दाखवायची. तेवढंच तपासूनही व्हायचं.

एके दिवशी उठल्या उठल्या ती म्हणाली, "आई, जेटीवरचा नळ तुटला. पाणी घरूनच न्यायचं."

मी लिहिलं होतं, बेटाच्या जेटीवर, बोट लागते तिथं, पिण्याच्या पाण्याची सोय आहे. हसले, पण मनात राहिलं, म्हणून पुण्याला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं : बरोबर, नळ बंद आहे, वाक्य बदला. तुम्हाला कोणी सांगितलं?

मग एकदा चार वाजता भांडी घासायला आलेल्या बबितानं गुंजनचे तळवे धरले. "वैनी, पोरगी नदीवर गेलती का?"

"नाही गं. झोपली होती."

"मंग हे वाळू कायची व? आपल्या अरुणावतीची अशी नसते. हे तं मैद्यावानी हाय."

मी ओल्या फडक्यानं पाय पुसले. कपाळाची पापी घेतली तर ओठ खारट झाले. फेब्रुवारीतला घाम, असं मी स्वतःला सांगितलं. केस मात्र ताठ झाले होते, आणि मानेवर फ्रॉकच्या कडेपर्यंत ऊन लागल्याचा पट्टा होता.

वाचणं मी त्याच दिवशी थांबवलं. काही फरक पडला नाही. अडीचचे साडेतीन झाले, मग पाच. हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं, तरी उठायची नाही. छाती वर यायची, बराच वेळ तशीच थांबायची, मग खाली जायची. यवतमाळच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही नाही, म्हणाले, वाढीचं वय आहे. एक दिवस तिला झोपूच द्यायचं नाही असं ठरवून मी बाजारात फिरवत राहिले. दीड वाजता ती माझं बोट धरून, उभ्या उभ्याच झोपली.

थांबवता येत नव्हतं. मग माझ्या हातात जे एक काम होतं ते मी केलं. तिच्यासाठी सूचना लिहिल्या. रोज तिला कुशीत घेऊन, डोळे मिटेपर्यंत कानात सांगायची.

चप्पल काढू नको, माय. लाटेकडे पाठ करून उभी राहू नको. शंख कितीही छान असला तरी उचलू नको, आत कोणी राहत असतं. तहान लागण्याआधीच पाणी पी. आणि वाट चुकलीस तर आपल्यासारखं बोलणारी बाई शोध. तिचा हात सोडू नको.

ती शेवटची सूचना मी द्यायला नको होती.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी सातला उठली. मंदार ऑफिसातून येऊन बुटांसकट तिच्या उशाशी बसला होता. हसणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

"एवढा उशीर काहून केला, बेटा?"

"आईनं सोडलं नाही."

"आई तं इथं होती."

"तिथं पण असते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणते, कायची घाई व, माय. बस थोडी."

ते माझं बोलणं होतं. मी मजकुरात तसं कधीच लिहीत नाही. फक्त घरात बोलते, फक्त तिच्याशी.

मंदार उठून अंगणात गेला.

काल दुपारी मी तिला छातीशी घट्ट धरलं आणि एकच गोष्ट सांगितली. आईसारखी दिसली, आईसारखी बोलली, तरी हात द्यायचा नाही. फक्त म्हणायचं, मले घरी जायचं आहे.

"नक्की?"

"नक्की."

ती झोपली. मी घड्याळासमोर बसले.

बरोबर अडीचला तिनं डोळे उघडले.

पायाला वाळू नव्हती. केस मऊ होते. मला रडूच फुटलं. तिला उचलायला मी दोन्ही हात पुढे केले.

ती मागे सरकली. भिंतीला टेकली. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"गुंजन. माय. मी आहे."

तिनं मान हलवली. रागानं नाही. शिकवलेलं लक्षात ठेवून.

मग मोठ्या माणसांशी बोलावं तसं, नीट, हळू आवाजात तिनं मला विचारलं,

"काकू, परतीची बोट किती वाजता सुटते? मले घरी जायचं आहे."