शेपटावर बसलेला मिस्त्री

दार लोटून घ्या आधी, वारा आत येतोय. आणि तू, दात काढणं बंद कर. ही माझ्या मेहुण्याची गोष्ट आहे आणि त्याला थापा मारायच्या म्हटलं तरी जमत नाहीत. बायकोला वाढदिवसाची भेटसुद्धा आधी सांगून आणणारा माणूस तो.

मेहुण्याची पिकअप आहे. गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. धो धो पाऊस. दवाखान्यातून एका म्हाताऱ्याला घरी पोचवायचं होतं. नव्वदी कधीच ओलांडलेली. तरुणपणी लढाऊ विमानं उडवलेला माणूस. पक्षाघाताने डावा हात लुळा पडलेला. डॉक्टरांनी हात टेकले होते. एवढंच राहिलं होतं, की त्याने आपल्या घरात, आपल्या लेकीजवळ जावं. मेहुण्याने त्याला पुढे शेजारी बसवलं, अंगावर आपली घोंगडी टाकली आणि निघाला.

पूल पाण्याखाली गेलेला. म्हणून त्याने गाडी जुन्या धावपट्टीवर घातली. लढाईच्या वेळची पट्टी ती. आता नुसतं गवत आणि चिखल.

"इथून नको," म्हातारा म्हणाला.

"दुसरा रस्ताच नाही, आजोबा. आलंच घर."

 मग म्हातारा आपणहून सांगायला लागला. त्या हिवाळ्यात पट्टीचा लगदा झाला होता. पुढची चाकं रुतली की विमान नाकावर आपटायचं. म्हणून एक मिस्त्री शेपटावर बसायचा, वजनाला. कडक जमीन लागली की वैमानिकाने हात बाहेर काढून दोनदा खाली हलवायचा. मिस्त्री उडी मारायचा. मग विमान उडायचं.

"त्या दिवशी गारांचा मारा होता. शत्रू डोक्यावर आलेला, सगळीकडे ओरडा. मी घाईत... हात काढलाच नाही रे."

"आणि तो?"

"मी सांगितल्याशिवाय तो कधी उतरायचा नाही."

  मिस्त्री म्हणजे विशीतलं पोरगं, म्हणे. विमानाबरोबर वर गेलं आणि वरून पडलं.

आणि तेवढ्यात गाडी रुतली.

मागचा हौदा रिकामा, चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चाकाखाली फळी सरकवावी म्हणून मेहुण्याने दाराला हात घातला...

गाडी मागून दबली.

कुणीतरी चढून बसावं तशी. चाकांनी जमीन धरली. गाडी निघाली. मेहुण्याने आरशात बघितलं. हौद्यात कुणी नाही. पाऊस फक्त.

डांबरी रस्ता लागला. मागचं वजन तसंच.

 शेजारी म्हातारा रडत होता, लहान मुलासारखा.

"बसलाय तो... अजून बसलाय. माझा हात काढ. बाहेर काढ."

मेहुण्याने गाडी थांबवली. वाकून पलीकडची काच उतरवली. तो लुळा हात धरला, पावसात बाहेर काढला. दोनदा खाली हलवला. सोडला.

काही नाही.

मग... गाडी मागून उचलली गेली. हलकी झाली.

पाण्यातून पावलं वाजली. एक. एक. खिडकीपाशी आली.

थांबली.

मेहुण्याने डोळे गच्च मिटले. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. कानावर आला तो म्हाताऱ्याचा आवाज.

"उतरला," तो म्हणाला. "चल आता घरी."

घरी लेकीने त्याला अंथरुणावर घेतलं. ओला हात पुसायला गेली आणि थबकली.

"बाबांच्या हाताला हे काय लागलंय?"

तळव्यावर काळं ग्रीस. हाताच्या पाठीवर चार बोटांचे ठसे, कुणी हात घट्ट हातात धरल्यावर उमटावेत तसे. मेहुण्याने आपले दोन्ही हात दिव्याखाली धरले. स्वच्छ होते. लेक साबण घेऊन आली, तर म्हातारा नाही म्हणाला.

"राहू दे गं. पुसू नकोस."

पहाटे गेला तो. तिने नाहीच पुसलं. हात तसाच ठेवून नेला त्याला.