गुनहिल्डची परात

यात माझ्या पदरचं काहीही नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी उत्तर डकोटात यावं. लायलॅकचं ते जांभळ्या फुलांचं झुडूप अजून उभं आहे.

एप्रिलमधला गुरुवार. भर दुपार. आभाळ निरभ्र.

मारिट तिच्या हाल्वरकाकांच्या जुन्या, उघड्या ट्रॅक्टरसमोर उभी होती. ट्रॅक्टरमागे नांगर. तिच्यामागे लायलॅक.

"बाजूला हो, पोरी. डिझेल जळतंय."

"जळू दे. इथे गुनहिल्डचं घर होतं."

"घर? मला चार काटक्या दिसतायत."

"माळावर लायलॅक आपोआप उगवत नाही, काका. कुणा बाईला तो दाराशी लावावा लागतो."

मारिट माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. झुडपाशेजारी तिला चुलीची राख सापडली होती. तिच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

गुनहिल्ड म्हणजे तिच्या पणजोबांची बहीण. त्या काळी एकट्या बाईने सरकारकडून जमीन घेतलेली. पाच वर्षं तिथे राहून कसली की जमीन आपली. मध्येच सहा महिने जागा सोडली की हक्क गेला. पाचव्या हिवाळ्यात बर्फाचं वादळ झालं. बाहेर अडकलेला भाऊ घरी पोचला, ती मात्र नाहीशी झाली. जमीन भावाला मिळाली. चर्चमागच्या दगडावर घराण्यातल्या सगळ्यांची नावं आहेत.

तिचं नाही.

"पळाली ती," काका म्हणाले. "फेरीवाल्याबरोबर. जाताना घरातली परातसुद्धा नेली."

"पळून जाणारी बाई परात कशाला नेईल? वाटेत भांडी घासायला?"

काका काही बोलणार, तेवढ्यात…

टण्. टण्. टण्.

पत्र्यावर लोखंडी डाव आपटावा तसा आवाज. लांबून.

काकांनी ट्रॅक्टर बंद केला.

आवाज थांबला नाही.

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. वादळात घरची बाई परात बडवते. बाहेर अडकलेला माणूस त्या आवाजाच्या रोखाने घरी येतो.

पण त्या बाजूला एकही घर नव्हतं.

"आणि वादळ कुठाय?" काका पुटपुटले.

मारिटने वायव्येला पाहिलं. तिकडचं क्षितिज…

नव्हतंच.

पांढरी भिंत अंगावर आली. श्वास घेता येईना. ट्रॅक्टर दोन हातांवर असून दिसेना. काका घराकडे म्हणून निघाले ते थेट उघड्या माळाच्या दिशेने. मारिटने त्यांचा कोट धरला.

"आवाजाकडे चला."

"तिथे कोण आहे, ठाऊक आहे का तुला?"

"आहे."

टण्. टण्. जवळ… आणखी जवळ… मग पायाखालची जमीन उतरली. दोघं एका खोल घळीत घसरली. वारा डोक्यावरून जाऊ लागला.

आवाज बंद झाला.

संध्याकाळी वादळ ओसरलं. बर्फावर कुणाच्याच पावलांचे ठसे नव्हते. घळीची एक कड ढासळली होती. मातीतून गंजलेला गोल काठ बाहेर आला होता.

परात.

शेजारी डाव. आणि खाली, काळ्या मातीत… मारिटने एकदाच हात लावला आणि मागे घेतला. हाडं होती ती.

काकांनी टोपी काढली.

"भावाला शोधायला निघाली असेल," ते म्हणाले.

"हो. आणि ही घळ तिच्याच हद्दीत येते, काका. एक दिवससुद्धा तिने जागा सोडली नाही."

लायलॅकवर नांगर फिरला नाही. दगडावर नाव कोरताना चर्चची मंडळी कुरकुरली. ती हाडं तिचीच कशावरून?

"मग तुम्हीच येऊन नाव खोडा," मारिट म्हणाली.

कुणी आलं नाही.

गुनहिल्डला भावाशेजारी पुरलं. परात मारिटच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. ती कधी हलतही नाही.

तरीही एखाद्या निरभ्र दुपारी माळावरून…

टण्. टण्.

भाऊ तर त्या वादळातून केव्हाच घरी पोचला होता. मग ती कुणाला बोलावते?

मारिट दारात येते. घरातली माणसं मोजते. सगळी घरातच असतात.

तरी आवाज थांबेपर्यंत ती दार लावत नाही.